आमचे साडू बेटावर जातात

घाबरणं ही कला मानली, तर अख्ख्या पुणे शहरात आमच्या साडूंच्या तोडीचा कलावंत आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. तुम्ही-आम्ही घाबरतो ते संकट दारात आल्यावर. साडू संकटाला दारापर्यंत येण्याची तसदी देत नाहीत, ते स्वतःच त्याला गाठायला चौकापर्यंत जातात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जन्मभर त्यांनी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली, म्हणजे कामगारांच्या वतीने घाबरण्याचा पगार घेतला. निवृत्तीनंतर पगार थांबला, घाबरणं चालू राहिलं. धायरीला चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. इमारतीला लिफ्ट आहे, पण साडू तिच्यात फक्त सामान ठेवायचे, बटण दाबायचे आणि स्वतः जिन्याने चढायचे. वर पोचल्यावर सामान सुखरूप दिसलं की त्यांना दर वेळी नव्याने आश्चर्य वाटायचं. नाटकाला गेले की आधी बाहेर पडायचं दार शोधायचे आणि त्याच्या अगदी शेजारच्या खुर्चीत बसायचे. मराठी रंगभूमीवरचे सगळे मोठे नट त्यांनी डाव्या कानाच्या बाजूने पाहिलेले आहेत.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं खडकवासल्याला गेलो होतो. रविवार होता, निम्मं पुणं पाण्याकडे तोंड करून कणसं खात होतं. साडू तेवढे धरणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांच्या कणसावरचं तिखट-मीठ वाऱ्याने उडून चाललं होतं. मी विचारलं, "काय बघताय?" ते म्हणाले, "भिंत." मी म्हटलं, "भिंतीत बघण्यासारखं काय आहे?" तर म्हणाले, "हे एकदा फुटलंय." "अहो, त्याला जमाना झाला." "म्हणजे आता तेवढं जुनं झालं," साडू म्हणाले आणि सगळ्यांना उठवून चढावरच्या एका झाडाखाली बसायला लावलं. तिथे मुंग्या होत्या. पण मुंग्या चावून कुणी वाहून जात नाही, हा त्यांचा मुद्दा आम्हाला खोडता आला नाही.

या माणसाच्या आयुष्यात संकट आलं ते मात्र कुठलीही वर्दी न देता. माझी मेहुणी एके दिवशी दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. हृदय. साडूंनी घरातल्या प्रत्येक वायरीची, प्रत्येक नळीची, गच्चीच्या कठड्याची काळजी घेतली होती, आणि जे बंद पडलं त्याच्याकडे बघायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा त्यांची मुलगी केतकी कॉलेजात होती. आम्हाला वाटलं, आता हे पोरीला काचेच्या कपाटात ठेवतील. पण केतकी वेगळ्याच मातीची निघाली. घरातलं सगळं घाबरण्याचं काम वडील एकहाती उरकत असल्यामुळे तिच्या वाट्याला ते आलंच नाही. ती डोंगर चढली, नद्यांत पोहली, समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघण्याचा कोर्स केला आणि शेवटी अंदमानात शिक्षिकेची नोकरी धरून तिथल्याच एका मुलाशी लग्नही केलं. जावई बेटाबेटांमधून फिरणाऱ्या बोटीवर इंजिनिअर. साडूंना विमानाची भीती, पाण्याची भीती, भूकंपाची भीती, आणि पोरीने या तिन्हींची सोय असलेलं गाव निवडलं. लग्न पुण्यातच झालं म्हणून निभावलं. तिच्या सासरी ते कधी गेले नाहीत. ती दर दिवाळीला यायची, आणि ती विमानात असेपर्यंत साडू आमच्या विश्रांतवाडीच्या घरी गच्चीवर उभे राहायचे. आमच्याकडून विमानं उतरताना दिसतात. त्यातलं तिचं कोणतं हे त्यांना कळत नसे, म्हणून ते सगळ्याच विमानांची काळजी करत.

मग ती महासाथ आली आणि साडू एकाएकी बरोबर ठरले. आयुष्यभर ज्यांनी त्यांना हसून घेतलं ती सगळी माणसं त्यांच्यासारखी वागू लागली. दुधाच्या पिशवीला आंघोळ, दाराच्या कडीला कोपराने धक्का, शेजारी समोरून आला की भिंतीला पाठ. पुणेकर एरवीसुद्धा शेजाऱ्याला घरात घ्यायला फारसे उत्सुक नसतात, आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. दुसरा कुणी असता तर त्याने 'मी सांगत नव्हतो?' म्हणून आम्हाला हैराण केलं असतं. साडू तसं एकदाही म्हणाले नाहीत. उलट नवख्या विद्यार्थ्यांना सांभाळून घ्यावं तसे आम्हाला फोन करून मास्क नाकाच्या हाडावर कसा दाबायचा ते शिकवत राहिले.

पहिलं वर्ष कसंबसं गेलं. आता सरलं असं वाटत असतानाच दुसरी लाट आली, आणि ती यायच्या थोडं आधी केतकीने फोनवर गोड बातमी दिलेली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, ते ठरलेलंच असतं. केतकी सातव्या महिन्यात यायची होती. पण पुण्यात तेव्हा काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आमच्या आळंदी रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स इतक्या जायच्या की एखादा तासभर आवाज आला नाही तर त्याचीच भीती वाटायची. साडूंच्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सोमवारी भाजी घेताना दिसले होते, आणि पुढच्या सोमवारी ते नव्हते. अशा गावात पोटुशा मुलीला कोण बोलावणार? तिच्या डॉक्टरांनीही आता विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. जावई महिन्यातले निम्मे दिवस समुद्रावर, सासू-सासरे हयात नाहीत. केतकी फोनवर म्हणाली, "बाबा, मी येऊ शकत नाही. तुम्ही या."

साडू त्या दिवशी दुपारी आमच्याकडे आले. आले म्हणजे इमारतीखाली आले आणि तिथून मला फोन केला. मी खिडकीत, ते खाली पार्किंगमध्ये, असं आमचं बोलणं झालं. "साडूभाऊ, माहेर म्हणजे काय हो? घर का माणूस?" मी म्हटलं, "माणूस." ते म्हणाले, "तेच म्हणतो मी. जायला लागणार."

त्यानंतर त्यांच्या भीतीने जे रूप घेतलं ते मी जन्मात विसरणार नाही. सरळ विमान नव्हतं, चेन्नईला बदलावं लागणार होतं. म्हणजे आयुष्यात एकदाही विमानात न बसलेल्या माणसाने भर साथीत दोन विमानांत बसायचं. विमानातली हवा कुठून येते आणि कुठे जाते, मधल्या खुर्चीतल्या माणसाला दोन्हीकडून मिळून किती श्वास सोसावे लागतात, तिथली धावपट्टी उतरती असून एका टोकाला डोंगर आहे हे खरं का, तिथे पोचल्यावर तपासणीत आपण बाधित निघालो तर आपल्याला कुठे ठेवतील आणि तिथे मराठी समजणारं कुणी असेल का, असे प्रश्न ते मला रोज विचारायचे. मी कचेरीत फायली हलवण्यात जन्म घालवलेला माणूस, मला काय ठाऊक! मी आपला ठोकून उत्तरं द्यायचो. ती ते दुसऱ्या दिवशी तपासून आणायचे आणि चुकलेली मला परत करायचे.

मग त्यांनी प्रवासाची रंगीत तालीम करायची ठरवली. कारखान्यात आगीची तालीम व्हायची, तशी. आमच्या गच्चीवर मोकळ्या हवेत त्यांनी तीन-तीन खुर्च्यांच्या दोन रांगा मांडल्या आणि स्वतः रेनकोट, हातमोजे, मास्क आणि त्यावर चेहऱ्याची पारदर्शक ढाल असा सगळा पोशाख चढवून मधल्या खुर्चीत बसले. भर उन्हाळा होता. माझ्या बायकोला त्यांनी हवाईसुंदरी केलं आणि मला शेजारचा खोकणारा प्रवासी. बायको पाण्याची बाटली घेऊन आली की त्यांनी मानेनेच नकार द्यायचा, आणि मी खोकलो की माझ्या विरुद्ध बाजूला कलायचं, अशी संहिता होती. मी मन लावून खोकलो. साडू इतके कलले की खुर्चीसकट आडवे झाले आणि रेनकोटात पाय अडकून त्यांना उठता येईना. उठवायला मी हात पुढे केला, तर खालून म्हणाले, "थांबा, तुम्ही बाधित आहात." त्या दिवशी किती तरी आठवड्यांनी माझी बायको पोट धरून हसली. संध्याकाळी साडूंचा फोन आला. "तुमचा खोकला आज जरा खरा वाटत होता. ताप बघितलात का?"

तिकीट निघालं आणि साडूंनी बाळंतपणाची तयारी हाती घेतली. आईने न्यायचं ते सगळं न्यायचं, असा त्यांनी पण केला होता. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, वेखंड, तुपाचा डबा आणि बाळंतिणीला शेक द्यायची लोखंडी शेगडी, हे सगळं त्यांनी पेठेतून मागवलं. एरवी स्वयंपाकघरात ते शिरायचे ते गॅस बंद आहे का बघायला, पण लाडू मी स्वतःच करणार म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला फोन आला. मी शेजारीच होतो. "वहिनी, डिंक आणि अळीव धुऊन घेतले, पुढे काय करू?"

बायको एकदम सावध झाली. "भावोजी, धुतले म्हणजे नक्की काय केलंत?"

"बाहेरून आलेली वस्तू. कोमट पाण्यात मीठ टाकून तासभर ठेवली. भाजी ठेवतो तशी."

"आता पातेल्यात काय दिसतंय?"

"अळिवाच्या पातेल्यात बेडकाची अंडी दिसतायत," साडू म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आणि डिंक दिसतच नाहीये. पातेलं ओट्याला चिकटलंय."

अळीव पाण्यात फुगतो आणि डिंक विरघळतो, हे घराघरात पोरीबाळींना ठाऊक असतं. साडूंना सांगणारं माणूस घरात नव्हतं. बायको हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "ती असती तर," एवढंच म्हणाली आणि उठून डिंक तळायला गेली. लाडू आम्ही त्यांच्या सोसायटीच्या फाटकावर ठेवून आलो. निर्जंतुक व्हावेत म्हणून त्यांनी ते दिवसभर कडक उन्हात ठेवले. मग त्यांचा एकच मोठा लाडू झाला आणि तो तसाच डब्यात बसवून बेटावर गेला.

प्रवासाआधीची चाचणी निर्दोष आली. ते कळवताना त्यांचा आवाज आनंदी नव्हता, कारण आता न जाण्याचं एकही कारण उरलं नव्हतं. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. मागच्या सीटवर, चारी काचा उघड्या ठेवून, रेनकोट घालून ते बसले होते. रस्ते ओस पडलेले. येरवड्याजवळ एक ॲम्ब्युलन्स आम्हाला ओलांडून गेली आणि आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघायचं टाळलं. विमानतळाच्या दाराशी सामान उतरवलं. साडू हललेच नाहीत.

"साडूभाऊ, मी परत येऊ का घरी?"

मी काहीतरी विनोद करणार होतो, पण त्यांचा चेहरा बघितला आणि राहिलं.

"विमानाची भीती वाटते म्हणून नाही म्हणत," ते म्हणाले. "म्हणजे वाटते. पण ती माझी मी बघीन. मी तिथे पोचलो आणि माझ्याबरोबर हा रोगही पोचला तर? मी नाही गेलो तर ती एकटी पडते. गेलो आणि माझ्यामुळे तिला काही झालं तर? मी घरात दोनच माणसं सांभाळली हो. त्यातलं एक माझ्या डोळ्यांदेखत गेलं."

मी एवढंच म्हटलं, "ती वाट बघत असेल." साडूंनी ढाल खाली ओढली, जीव मुठीत धरला आणि ढकलगाडी ढकलत आत गेले. आतली हकिगत मला नंतर कळली. शेगडी बघून सुरक्षा तपासणीच्या माणसाने त्यांना बाजूला घेतलं. साडूंचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. "ये बाळंतीण के लिये है. मेरी लडकी को बच्चा होनेवाला है, उसको शेक देने का." तो तरुण उत्तरेकडचा होता. त्याने शेगडी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "माताजी साथ में नहीं हैं?" साडू म्हणाले, "नहीं है. मैं ही जाता हूं." त्याने शेगडी परत गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

दोन्ही विमानांत त्यांना मधलीच खुर्ची मिळाली. पाण्याचा थेंब न पिता, मास्क तसूभर न हलवता ते बेटावर उतरले. तिथल्या नियमाप्रमाणे आलेल्याने काही दिवस वेगळं राहायचं होतं. केतकीच्या घराखालची एक खोली रिकामी होती, तिच्यात साडूंनी स्वतःला कोंडून घेतलं. सरकारचे दिवस संपले, पुन्हा चाचणी झाली, तीही निर्दोष आली, तरी साडू बाहेर येईनात. "सरकारचे दिवस सरकारसाठी. माझे मी वेगळे धरलेत," म्हणाले. माझ्या बायकोला फोनवर विचारून अळिवाची खीर करायचे, वाटी दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचे, दार लावून आतून थाळी वाजवायचे. मग केतकी जिना उतरून खीर घ्यायची आणि बंद दाराशी बोलत बसायची. बाप-लेक एका दाराच्या अंतरावर होते. ती हसायची, चिडायची, एकदा रडलीही, पण साडूंनी कडी काढली नाही. आम्हाला मात्र ते रोज फोन करून अंगात किती ताप नाही ते सांगायचे.

आणि मग एका दुपारी, अपेक्षेच्या बरेच दिवस आधी, केतकीने ते दार ठोठावलं. जावई बोटीवर होता. ती म्हणाली, "बाबा, कळा सुरू झाल्यात. चला."

विमानात शेजारचा खोकला तर काय करायचं, याची तालीम साडूंनी केली होती. याची केली नव्हती. पुढचं केतकीने सांगितलं म्हणून मला माहीत आहे. दार तत्क्षणी उघडलं. बाबा बाहेर आले ते मास्क लावून, पण ना मोजे, ना ढाल, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात तिच्या नवऱ्याची. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये त्यांनी तिचा हात जो धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही. नर्सने विचारलं, "बरोबर बाई कोण आहे?" साडू म्हणाले, "मीच आहे. काय करायचं ते सांगा."

संध्याकाळी माझा फोन वाजला. त्यांचं नाव बघून उचलला, तर पलीकडे नुसता श्वास. त्या दिवसांत असे फोन कशाचे असायचे ते सगळ्यांना माहीत आहे. बायको समोर येऊन उभी राहिली. मग एकदाचा आवाज आला. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मी घेतली हातात." आणि साडू लहान मुलासारखे रडायला लागले. खरी भीती त्यांना वाटली ती त्यानंतर. आपण आपले दिवस पुरे न करता पोरीला शिवलो, बाळाला घेतलं, म्हणून त्यांनी पुढचे किती तरी दिवस दोघींच्या श्वासावर कान लावून काढले. काही झालं नाही. पण काही झालं नाही म्हणून ते दिवस त्यांना सोपे गेले, असं मी म्हणणार नाही.

साथ ओसरली, माणसं मास्क विसरली, विमानं पुन्हा भरून जाऊ लागली. साडू मात्र परत आले नाहीत. आधी बाळ लहान होतं. मग केतकीची शाळा सुरू झाली, बाळाला कोण बघणार? मग पावसाळी हवा. खरं कारण त्यांना आणि मला दोघांनाही माहीत आहे, परतीच्या वाटेवर पुन्हा ती दोन विमानं आहेत. धायरीचा फ्लॅट बंद असतो, मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडतो आणि नळ सोडून बघतो. बेटावर साडूंचं उत्तम चाललंय असं केतकी सांगते. नारळाच्या झाडांखालून जाताना ते हेल्मेट घालतात, आणि नातीसाठीही एक छोटं आणलंय. पहिल्यांदा बेटावरची पोरं हसली म्हणे, आता ती यांना वाट करून देतात.

परवा केतकीने समुद्रावरून व्हिडिओ कॉल लावला. नात पाण्यात होती. आईवर गेलेली ती पोर माशासारखी उलटीसुलटी होत होती, आणि तिच्या शेजारी छातीएवढ्या पाण्यात, लाट आली की डोळे गच्च मिटून घेणारे आमचे साडू उभे होते. ओठ भीतीने पांढरे पडलेले. केतकीने फोन त्यांच्याजवळ नेला. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला तर पोहायला येत नाही. पाण्यात काय करताय?"

"ती आत आहे ना," साडू म्हणाले. तेवढ्यात पुढची लाट आली आणि त्यांनी डोळे मिटले.

बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. पुण्याला कधी येताय हे मी दर वेळी विचारतो, ते त्या दिवशी राहून गेलं, आणि त्यानंतर मी ते विचारलेलं नाही.